ठराव आणि ओंजळ



पेणचे गणपती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरकडेच्या कातकरीवाड्या मात्र फार थोड्यांनी पाहिल्या असतील. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. तो धंदा गेला, मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. दिवाळी झाली की यांतली कितीतरी कुटुंबं भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. पोराचं नाव हजेरीपटावर राहतं, पोर राहत नाही. जूनमध्ये ते वर्गात येतं तेव्हा वाचन मागे पडलेलं असतं, म्हणून ते मागे बसतं. आणि मागे बसतं म्हणून वाचन आणखी मागे पडतं.

अशा वर्गात समता कशी शिकवावी? व्याख्यान देऊ नका. आपल्याच जिल्ह्यातली हकीकत सांगा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केलं. सुरबानाना टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. पण ओंजळ भरली गेली ती २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत गेले तेव्हा. त्या दिवशी लोकांनी मारही खाल्ला. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली.

आता मुलांना एवढंच विचारा : ठराव झाला होता, मग पाणी का भरता आलं नाही? उत्तर तुम्ही देऊ नका. मुलं बोलू लागतील, आणि आपल्या गावाविषयी तुम्हाला नको इतकं सांगतील!

वर्गात कुणी 'ए कातकऱ्या' म्हणून हिणवलं, तर आपण बहुधा 'दोघंही गप्प बसा' म्हणून मोकळे होतो. हा न्याय नव्हे. मारणारा आणि मार खाणारा आपण एकाच तागडीत घातले. धडा तिथेच थांबवावा. जमातीचं नाव ही शिवी नाही, तू तिची शिवी केलीस, हे बोलणाऱ्याला शांतपणे सांगावं. छडी नको. ज्याला लागलं त्याला मात्र सर्वांसमोर उभं करू नये. सुटीत, एकटा असताना विचारावं. 'बिचारा' तर मुळीच म्हणू नये. रानातली झाडं, ओढ्यातले खेकडे त्याला तुमच्याआमच्याहून अधिक कळतात, ते त्याने जरूर सांगावं. पण फळ्यावर गणित सोडवायलाही त्यालाच बोलवा, नाहीतर तो नुसता रानाचा पाहुणा ठरेल.

आणि दिवाळीपूर्वी एकदा वाडीवर जा. कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार ते त्याच्या आईला विचारून घ्या, तिथल्या शाळेला चिठ्ठी लिहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला मागाहून आला तरी चालतो.