पाखरांच्या गावाची सहल

हिवाळ्यात शाळेची सहल काढायची म्हटलं, की कुणी लेणी सुचवतं, कुणी देवस्थान. नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकमित्रांना आज मी निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर सुचवणार आहे. भाकरी घरची, पाणी घरचं, पाहुणे मात्र परमुलखातले!

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत तिथं बंधारा बांधला गेला. कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडच्या शेतीला पाणी द्यायचं, एवढाच हेतू. पाखरं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. पण नद्या दर पावसाळ्यात गाळ आणीत राहिल्या. पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, काठाला लव्हाळे नि पाणकणीस माजलं. बंधाऱ्याला जो गाळ नकोसा, तोच पाखरांच्या घराचा पाया झाला! १९८६ साली हे अभयारण्य झालं. इराणातल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला होता. त्या रामसर यादीत नांदूर मध्यमेश्वरचं नाव आल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रातून हा मान मिळवणारी ही पहिली जागा.

आता तुम्ही म्हणाल, पाहायचं काय? चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. तांबडं फुटताना तिथं पोचा आणि सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला तो चांदवा. त्याला वारकरीही म्हणतात. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून भक्ष्य शोधतो. थापट्या बदक चोचीनं पाणी गाळून खातं. डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले, की समजा पट्टकादंब आला. हा हंस तिबेट, मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतो. त्याची वाट मुलांना नकाशावर काढायला लावा. भूगोलाचा तो धडा मुलं जन्मात विसरणार नाहीत.

नियम थोडेच आहेत. भडक कपडे नकोत, आरडाओरडा नको, पाखरं उडवण्यासाठी दगड तर नकोच. दुर्बीण एकच असेल तर पाळीपाळीनं पाहा. मोठा थवा असेल तर आधी दहा पाखरं मोजा, मग तेवढे किती गट होतात ते पाहा. वहीत तारीख, वेळ आणि संख्या लिहा. दरवर्षी त्याच आठवड्यात गेलात, तर पाखरं वाढली की घटली हे त्या वहीवरून कळू लागेल.

काठच्या शेतकरी बंधूंनाही एक सांगणं आहे. हंस रात्री कोवळ्या पिकात चरतात, ही तुमची तक्रार खोटी नाही. पण शेतातलं जादा खत आणि वरच्या गावांचं सांडपाणी नदीत उतरलं, की जलपर्णी फोफावते. उघडं पाणी झाकलं जातं. मग बदकांना उतरायला जागा उरत नाही, मासा मरतो, आणि कोळ्याचं जाळंही रिकामं येतं. पाखरू निघून जाणं ही पाणी बिघडल्याची खूण आहे, हे ध्यानात ठेवा. तेच पाणी आपली गुरं पितात, तेच कालव्यानं शेतात जातं.

म्हणून गुरुजी, मुलांना नांदूरला घेऊन जा. परत आल्यावर त्यांना एवढंच विचारा: आपल्या गावच्या तळ्यावर कोणती पाखरं येतात? ठाऊक नसेल, तर पुढची सहल तिथंच!