हृदयाची जखम आणि पेशींचा निरोप

शेताचा बांध फुटला म्हणजे आधी गाळ उपसावा लागतो, मग बांध घालावा लागतो, हे डिचोली तालुक्यातील मुळगावच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. उपसणाऱ्याचे फावडे वेळेवर थांबले नाही, तर चांगली मातीही जाते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर असेच काहीसे घडते.

रक्तवाहिनी तुंबली की हृदयाचा स्नायू मरू लागतो. मृत पेशी गिळण्यासाठी मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, तेथे धावतात. त्यांचे काम अत्यावश्यक होय. परंतु त्यांचा आवेश ओसरला नाही, तर वाचू शकणारा स्नायूही दाहात सापडतो.

हा आवेश आवरणारा निरोप इतर पेशीच धाडू शकतात. बहुतेक पेशी सूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात. त्यांपैकी एक्सोसोम सुमारे 30 ते 150 नॅनोमीटरचे असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय संस्थेतील संशोधकांनी 2017 साली असे दाखविले, की हृदयातून काढून वाढविलेल्या पेशींचे एक्सोसोम रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने दिले, तरी उंदीर व डुकरे यांच्या हृदयातील जखम लहान राहिली. एक्सोसोममधील 'मायक्रो-आरएनए 181बी' महाभक्षकांत शिरून त्यांचे वर्तन पालटतो.

हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. रुग्णाच्या नित्य उपचारांत ते अद्याप आलेले नाहीत. म्हणून छातीत कळ येऊन घाम फुटला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. 108 क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. तुंबलेली वाहिनी लवकर उघडणे, हाच आज स्नायू वाचविण्याचा खरा मार्ग आहे.