पावसाळ्यात कुलूप लागणाऱ्या खोल्या

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. गावाला परत जावंसं वाटतं, पण तिकडे जाऊन करायचं काय? आज त्यावरच बोलते, आणि आमच्या घरापासून सुरुवात करते.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. बाबांनी सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून मागच्या परड्यात चार खोल्या बांधल्या, होमस्टेसाठी. मे महिना, दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, तेव्हा फोन वाजायचा थांबत नाही. मग जून उजाडतो. एक जोरदार सर आली की बुकिंग संपलं. खोल्यांना कुलूप, गाद्यांना बुरशीचा वास. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने चालू.

आता एका पार्टीने आमच्या जागेला भाव दिलाय. त्यांना तिथे ‘वेलनेस रिसॉर्ट’ काढायचंय. गणपतीपर्यंत उत्तर हवंय. दादा म्हणतो, देऊन टाका. बाबा काहीच बोलत नाहीत. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता एपिसोडचा नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी आत्याबरोबर केरळला गेले होते. तिची कंबर. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडली, तिरूरला उतरलो, तिथून कोट्टक्कल. १९०२ मध्ये पी. एस. वारियर यांनी आर्य वैद्यशाळा सुरू केली, ते हे गाव. मला वाटलं होतं, एवढ्या पावसात तिकडे काळं कुत्रंही नसेल. तर आम्ही उतरलो त्या लॉजमध्ये खोल्या भरलेल्या!

तिकडे त्या महिन्याला कर्किडकम म्हणतात, साधारण मधल्या जुलैपासून मधल्या ऑगस्टपर्यंत. पूर्वी तो उपासमारीचा महिना. शेतात काम नाही, कणगीत धान्य नाही, बाहेर धो धो पाऊस. म्हणून लोक घरी थांबायचे, औषधी पेज प्यायचे, तेल लावून घ्यायचे. पावसाळ्यात वात वाढतो आणि शरीराची डागडुजी तेव्हाच करावी, हे आयुर्वेदाचं जुनं म्हणणं. केरळच्या पर्यटनवाल्यांनी हाच महिना बाहेरच्यांसमोर ठेवला. ज्या पावसामुळे पाहुणा येत नव्हता, त्याच पावसासाठी तो यायला लागला.

यातलं गणित मला तिथेच कळलं. उपचार सात, चौदा किंवा एकवीस दिवसांचे. आत्या चौदा दिवस राहिली. आमच्याकडे पाहुणा दोन रात्री राहतो. म्हणजे चौदा रात्री भरायला आम्हाला सात बुकिंगं लागतात. सात वेळा चादरी धुवायच्या, सात वेळा ‘बीच व्ह्यू आहे का’ला उत्तर द्यायचं, आणि सात वेळा ॲपवाल्याचं कमिशन. चौदा दिवस राहणारा माणूस घाईत नसतो. तो रोज त्याच टपरीवर चहा घेतो, त्याच रिक्षावाल्याला बोलावतो, गावातल्या शिंप्याकडून सैल कपडे शिवून घेतो. आत्याने तर तीन परकर शिवून आणले!

आणि जेवण. एके दिवशी पानात एक पालेभाजी आली. तिकडे कर्किडकमात दहा प्रकारच्या पाल्यांची भाजी खायची पद्धत आहे. आत्याने एक पान उचलून बघितलं आणि म्हणाली, ‘अगो, हा तर टाकळा!’ खरंच टाकळा. ते तकर म्हणतात, एवढाच फरक. आपल्या बांधाबांधावर जूनमध्ये उगवतो आणि आपण पाहुण्याला सुरमई थाळी नाही म्हणून सॉरी म्हणत बसतो. पेज, नाचणीचं सत्त्व, कुळथाचं पिठलं, भारंगी, फोडशी, सगळं आपल्याकडे आहे. टाचांना लावायला कोकमाचं मुठेलसुद्धा.

आता गरम पाणी घ्या. दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळ तुरळ आणि राजवाडी, महाडजवळ सव. कोकणात उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, मोठी रांग आहे. आम्ही लहानपणी धोपावेहून फेरीबोटीने दाभोळला जायचो आणि पुढे उन्हवऱ्याला. आंघोळ करायची आणि अर्ध्या तासात परत गाडीत. आजही बहुतेक जण तेच करतात. गावाला मिळतात ते दोन चहाचे पैसे. जपानमध्ये अशा झऱ्यांच्या गावांत पाहुण्याकडून आंघोळीचा कर घेतात, सर्वसाधारणपणे माणशी दिवसाला १५० येन. तो स्थानिक पालिकेकडे जातो आणि झऱ्यांची निगा, स्वच्छता, पर्यटनाच्या सोयी यांवर खर्च होतो. रक्कम छोटीच, पण गावच्या हातात.

पण थांबा, लगेच ‘स्पा’चा बोर्ड लावायला पळू नका. माझ्या एका चुलतभावाने ते केलंय. यूट्यूब बघून शिकलेला एक मुलगा ठेवला, बाजारातून तेल आणलं आणि बोर्डवर लिहिलं, ‘शुगर, बीपी, सांधेदुखी कायमची बरी’. एका काकांना मसाजनंतर चक्कर आली. रक्तदाब किती, गोळ्या कोणत्या, हे कोणी विचारलंच नव्हतं. रात्री त्यांना घेऊन तालुक्याला पळापळ. काका वाचले, बोर्ड उतरला. आणि तसा बोर्ड लावणं मुळात गुन्हा आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करूच देत नाही.

केरळ सरकारने आयुर्वेद केंद्रांना दर्जे ठेवले. त्यासाठी पदवीधर वैद्य हवा, शिकलेले थेरपिस्ट हवेत, पुरुषाला पुरुष आणि बाईला बाईच हवी. ही कटकट वाटते, पण याच्यामुळेच आमची आत्या निर्धास्त झोपायची. तिला तेल लावणाऱ्या दोघी ताई तिथल्याच होत्या. प्रशिक्षण घेतलेल्या, युनिफॉर्ममध्ये, महिन्याचा पगार घेणाऱ्या.

मला त्या पार्टीच्या प्लॅनमध्ये हेच दिसलं नाही. मी कागद वाचले. थेरपिस्ट बाहेरून, तेल बाहेरून, शेफ बाहेरून. गावातल्यांसाठी काय, विचारलं तर म्हणाले, सिक्युरिटी आणि हाऊसकीपिंग. पावसाळ्यात काय करणार? ‘मेंटेनन्ससाठी बंद.’ म्हणजे आमचंच कुलूप, फक्त मोठं! माझा वेलनेसला विरोध नाही, उलट कोकणाला त्याची गरज आहे. पण ज्या धंद्यात जुलै रिकामाच राहतो आणि कसबी हात गावाबाहेरचे असतात, तो आमच्या गावाचा कसा म्हणायचा?

मग बाबांना मी एक कागद लिहून दिला. यंदा फक्त दोन खोल्या उघड्या ठेवायच्या. उपचार अजिबात नाही, तो आपला अधिकारच नाही. कमीत कमी सात दिवस राहणार असेल तोच पाहुणा. सकाळी पेज, दुपारी रानभाजी, वायफाय फक्त ओटीवर. तालुक्याच्या बीएएमएस डॉक्टर ताई आठवड्यातून दोनदा येऊन तपासतील, त्यांची फी वेगळी. शेजारची वृषाली थेरपिस्टच्या कोर्सला जायला तयार आहे. परत आली की तिच्यासाठी एक खोली नीट तयार करायची. गाद्या सुकवायला कोळशाची शेगडी नको, डीह्युमिडिफायर घ्यायचा. त्याचे पैसे मी देणार, या पॉडकास्टच्या कमाईतून. हसू नका, थोडी होते.

दादाने हिशोब बघितला आणि म्हणाला, ‘यातून हप्ता सुटणार नाही.’ खरंय, पूर्ण नाही सुटणार. जुलै-ऑगस्टचा निम्मा सुटेल, तोही दोन्ही खोल्या भरल्या तर. बाबांनी कागद घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलाय. अजून हो म्हणाले नाहीत. पण काल आईने फोनवर सांगितलं की त्यांनी मागच्या दोन खोल्यांची कुलपं काढून खिडक्या उघड्या टाकल्यात.

तुमच्या गावात पावसाळ्यात कोणी असं काही चालवत असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. किती दिवसांचे पाहुणे येतात आणि गादी कशी सुकवता, तेवढं नक्की सांगा. भेटू पुढच्या शुक्रवारी.