वळिवड्याची पोलिश वस्ती : घर हरवलेल्यांचे गाव

युक्रेनमधून परदेशी गेलेल्यांच्या इतिहासात कॅनडाचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु आज युक्रेनच्या पश्चिम भागात मोडणाऱ्या ल्विव्ह, तार्नोपोल, व्होलिन या प्रदेशांतून उखडल्या गेलेल्या माणसांची एक वस्ती महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे, 1943 ते 1948 या काळात नांदली. हा प्रदेश तेव्हा पोलंडचा पूर्व सीमाप्रांत होता. पोलिश भाषेत त्याला ‘क्रेसी’, म्हणजे सीमेकडील मुलूख, म्हणत आणि तेथे पोलिश, युक्रेनी व यहुदी लोक शेजारी राहत.

सप्टेंबर 1939 मध्ये सोव्हिएत सैन्याने हा मुलूख व्यापला आणि 1940 पासून तेथील कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जुलै 1941 मधील पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांतील अनेकांची सुटका झाली. पुरुष जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्यात गेले, तर त्यांच्याबरोबर 1942 मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचलेल्या बायका-मुलांचा प्रश्न उरला. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. तिच्या तेजात वळिवडे मात्र झाकोळले गेले. येथे सुमारे पाच हजार माणसे होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

या वस्तीला छावणी म्हणण्याचा प्रघात असला तरी तो शब्द थोडा फसवा आहे. लांबलचक बराकींत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या होत्या. शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, दुकाने, स्काउटची पथके असा सारा संसार उभा राहिला होता. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, त्यामुळे या आश्रयाचे श्रेय सहजच राजघराण्याच्या औदार्याला दिले जाते. ते नाकारण्याचे कारण नाही. पण रणांगणावर पती गमावण्याच्या भीतीत घर चालवणाऱ्या, मुलांना परकीय भूमीत पोलिश भाषा व इतिहास शिकवणाऱ्या स्त्रियांशिवाय या बराकींचे गाव झाले नसते, हे इतिहासलेखनात पुरेसे नोंदले गेलेले नाही.

हे शिक्षण म्हणजे परतीची तयारी होती. मुलांना शिकवायचे ते पोलंडमध्ये जगण्यासाठी. परंतु 1945 मध्ये याल्टा येथे महासत्तांनी सीमा पश्चिमेकडे सरकवल्यावर ल्विव्ह सोव्हिएत युक्रेनमध्ये राहिले, म्हणजे माणसे जिवंत होती, पण ज्या देशात त्यांचे घर होते तो देशच तेथून सरकला होता. त्याच वर्षी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची ब्रिटनने मान्यता काढून घेतली. काहीजण साम्यवादी पोलंडात गेले. अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका गाठली. बालपणीचे गाव नकाशावर परक्याचे झाल्यामुळे पुढे या मंडळींच्या संघटना वळिवड्याच्याच आठवणींभोवती जमल्या. ज्या मुलांनी ल्विव्ह कळत्या वयात पाहिलेच नव्हते, त्यांचे ‘आपले गाव’ पंचगंगेच्या खोऱ्यातले ठरले.

त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आज ती वस्ती गांधीनगर या नावाने, कापडाच्या मोठ्या बाजारपेठेसाठी ओळखली जाते.