वैद्यकाचा विद्यार्थी आणि गाव



मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात एखाद्याचे दुखणे हाताबाहेर जाऊ लागले की घरातील जाणते माणूस एकच वाक्य उच्चारते : ‘घाटीला न्या.’ छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाला लोकांनी दिलेले हे नाव इतके रूढ झाले आहे की, पाटीवरचे लांबलचक नाव सांगितल्यास रिक्षावाला क्षणभर विचारात पडतो. हे महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. तोपर्यंत येथील मुलाला डॉक्टर व्हावयाचे तर हैदराबाद, पुणे, मुंबई किंवा नागपूर यांपैकी एखादे शहर गाठावे लागे. आणि ते ज्यांना परवडत नसे त्यांचे शिक्षण इंटरपाशीच थांबे. आज या रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोली इतकेच नव्हे, तर बुलढाणा, जळगाव व अहिल्यानगर जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात.

रुग्णालय सर्वांच्या परिचयाचे असले, तरी त्याच आवारात चालणारे दुसरे कार्य फारसे कोणाच्या नजरेस पडत नाही. ते म्हणजे मानवी शरीर व त्याचे रोग यांचे अध्ययन. बारावीची परीक्षा व प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी येथे येते, साडेचार वर्षे शिकते, एक वर्ष आंतरवासिता करते आणि डॉक्टर होऊन बाहेर पडते. या काळात त्या विद्यार्थ्याला शिकविणारे केवळ प्राध्यापकच असतात, असा समज आहे. तो अपुरा आहे. त्याच्या शिक्षकांपैकी निम्मे तरी खेड्यापाड्यातून येतात, आणि त्यांतील पहिला शिक्षक मृत असतो.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनगृहात नेले जाते. फॉर्मॅलिनचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो. समोर संगमरवरी किंवा पोलादी मेजावर मानवी देह असतो. अनेक महाविद्यालयांत आता विच्छेदनास प्रारंभ करण्यापूर्वी विद्यार्थी त्या देहापुढे उभे राहून शपथ घेतात की, या देहाचा आदर राखू, त्याची थट्टा करणार नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातील २०६ हाडे पुस्तकातून पाठ करता येतील; परंतु मनगटातून हाताकडे जाणारी नस नेमकी कोणत्या पट्ट्याखालून जाते, हे बोटांनी चाचपल्यावाचून कळत नाही. चित्रातल्या नसा सरळ व रंगीत असतात. देहातल्या नसा सर्व एकाच फिकट रंगाच्या असतात आणि दोन माणसांत सारख्याच मार्गाने जातील याचा नेम नसतो.

मृतदेह पाहून शरीर जाणावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत देह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात ठेवावा आणि मऊ झाल्यावर थराथराने तपासावा, अशी पद्धत सांगितली आहे. युरोपात गेलेनने प्राण्यांचे विच्छेदन करून मनुष्याविषयी लिहिलेले दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. वेसालियसने १५४३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध करून माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे, यासारख्या कित्येक चुका दाखविल्या. जबडा तर कोणालाही दिसण्याजोगा. तरी ग्रंथावरील श्रद्धा डोळ्यांवर एवढा काळ मात करू शकली.

हे देह येतात कोठून? बेवारस मृतदेह अध्ययनासाठी देण्याची तरतूद राज्यात १९४९ च्या अॅनॉटमी अॅक्टने झालेली आहे. तथापि ज्याचे कोणी नाही त्याच्याच देहावर साऱ्या समाजाच्या डॉक्टरांनी शिकावे, ही काही फारशी गौरवाची गोष्ट नव्हे. म्हणून स्वेच्छेने केलेल्या देहदानाचे मोल मोठे आहे. त्याची रीत अवघड नाही. इच्छुकाने जिवंतपणी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागाकडे अर्ज भरून द्यावयाचा असतो. मात्र निर्णायक असते ते नातेवाइकांचे मत. अर्ज कपाटात आणि देह स्मशानात, असे घडू नये यासाठी घरातील सर्वांना ही इच्छा आधी सांगून ठेवणे अगत्याचे आहे. मृत्यूनंतर डॉक्टरचा दाखला घेऊन शक्य तितक्या लवकर, काही तासांतच, देह पोहोचवावा लागतो. अपघात, आत्महत्या वा पोलीस तपासाची प्रकरणे व शवविच्छेदन झालेले देह यासाठी स्वीकारले जात नाहीत. नेत्रदान केलेला देह चालतो. गावात असा प्रसंग आल्यास वाहनाची व दाखल्याची व्यवस्था वेळेवर होईल एवढे सरपंचाने पाहिले, तरी दुःखात असलेल्या कुटुंबाचा मोठा भार हलका होतो.

देहाची रचना कळली, तरी तो चालतो कसा हे शरीरक्रियाशास्त्र शिकविते. विद्यार्थ्यांना हा विषय बहुधा कोरडा वाटतो. हृदयाचे ठोके कोणत्या मज्जातंतूंनी वाढतात, रक्तवाहिन्या कशाने आकुंचन पावतात, याचे आलेख काढून परीक्षेपुरते स्मरणात ठेवायचे, अशी त्यांची वृत्ती असते. या कोरड्या ज्ञानाने किती प्राण वाचू शकतात याचे उदाहरण मराठवाड्याच्याच एका सुपुत्राने घालून दिले आहे. डॉ. हिंमतराव बावसकर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होते. नागपूरला वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. गावकरी मांत्रिकाकडे जात आणि डॉक्टरांपाशीही त्यावर खात्रीचा उपाय नव्हता.

डॉ. बावसकरांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षण केले. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय थंडगार, रक्तदाब चढलेला. आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडलेला. हे चित्र प्रथम वर्षाच्या पुस्तकातील एका प्रकरणाशी जुळणारे होते. विंचवाचे विष मज्जातंतूंना अनावर चेतवून शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा पूर आणते. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते. मग त्या वाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, हा त्यातून निघणारा तर्क होय. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी उपयोगात आणली. डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासमवेत केलेले हे काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तिसरा हिस्सा वा त्याहूनही अधिक दगावत. ते प्रमाण या उपचाराने अगदी अल्प उरले. २०२२ मध्ये भारत शासनाने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही गोळी घरी आणून ठेवण्याची नव्हे. रक्तदाबावर लक्ष ठेवून डॉक्टरनेच ती द्यावयाची असते. गावाचे काम एवढेच की, विंचू चावल्यावर घाम, लाळ किंवा थंड हातपाय दिसताच मंत्रतंत्रात घटका न दवडता रुग्णाला आरोग्य केंद्रात न्यावे.

दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र हे विषय येतात. येथे विद्यार्थी निरोगी व रोगट यांची तुलना करू लागतो. काचपट्टीवरील रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशी आकाराने लहान व मध्यभागी फिकट दिसल्या की लोहाच्या कमतरतेने आलेला पंडुरोग ओळखावा, हा त्याचा पहिला धडा. तो साधा असला तरी मोलाचा आहे. ऊस तोडून आलेली किंवा कापूस वेचणारी बाई ‘उगाच थकवा येतो’ म्हणते तेव्हा त्या ‘उगाच’चे उत्तर या काचपट्टीवर असते. गरोदर स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण ११ ग्रॅमहून कमी असल्यास तिला पंडुरोग आहे असे समजतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, शरीराचा लोहाचा साठाही सावकाश भरतो. म्हणूनच गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. आठ दिवसांत बरे वाटले नाही म्हणून त्या फडताळात टाकणाऱ्या भगिनीला हे कारण कोणी सांगितलेले नसते. जेवणासोबतचा चहा अन्नातील लोह शोषू देत नाही, हेही शाळेतील शिक्षकाला सहज सांगता येईल.

तिसरा धडा भाषेचा असतो आणि तो कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नाही. विद्यार्थ्याची पुस्तके इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत. आणि वॉर्डातला म्हातारा म्हणतो, ‘जीव घाबरा होतो, पोटात गोळा उठतो, अंग मोडून येतं.’ घाबरा होणे म्हणजे भीती, धडधड, धाप की छातीतील कळ? ‘भोवळ’ आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी’ एकच का? शहरात इंग्रजी शाळेत शिकलेला विद्यार्थी येथे अडखळतो, तर भोकरदन-सिल्लोडकडून आलेला, इंग्रजी बोलताना चाचरणारा विद्यार्थी सफाईने पुढे जातो. कुशल अध्यापक विद्यार्थ्यांना बजावतात की, रुग्णाचे शब्द आधी त्याच्याच भाषेत लिहून घ्या, त्यांना शास्त्रीय नाव नंतर द्या. रोगनिदानाचा मोठा भाग नीट विचारलेल्या प्रश्नांतच असतो, यंत्रे पुढची.

वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून मोठे बदल झाले. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याने रुग्ण पाहावा असे ठरले आणि त्यानंतर कुटुंब दत्तक योजनेची त्यात भर पडली. प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेड्यातील काही कुटुंबे सोपविली जातात. तो शिक्षणकाळात त्यांच्या घरी पुनःपुन्हा जातो, रक्तदाब मोजतो, मुलांचे वजन घेतो, पाणी कोठून येते व कशात साठविले जाते ते पाहतो. रुग्णालयात तीन दिवसांत बरा होऊन गेलेला जुलाबाचा रुग्ण महिन्याने पुन्हा का येतो, याचा उलगडा त्या घरातील उघड्या रांजणापाशी होतो. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या गावात ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला देण्यापूर्वी सरपणाचा भाव विचारावा लागतो, हेही तो तेथेच शिकतो.

मात्र अनेक ठिकाणी हे विद्यार्थी बसमधून उतरतात, चार घरांची दारे बंद आढळतात, पाचव्या घरी ‘औषध आणलंय का?’ असा प्रश्न येतो आणि वही अर्धी कोरी ठेवून ते परततात. दोष कोणा एकाचा नाही. भेटीचा वार गावाला आधी कळलेला नसतो. शेतीच्या दिवसांत दुपारी घरी कोण असणार? ग्रामपंचायतीने महाविद्यालयाच्या जनऔषधशास्त्र विभागाशी बोलून वार व वेळ ठरवून घ्यावी, ग्रामसभेत ती जाहीर करावी आणि आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका यांपैकी एकीने पहिल्या दोन भेटींत सोबत राहावे. शाळेचा एखादा वर्ग त्यांना बसावयास मिळाला, तर रक्तदाबाची नोंद तेथेच करता येते. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या वहीची एक प्रत उपकेंद्रात राहिली, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या तुकडीला त्या घरातील आजीचा रक्तदाब गेल्या पोळ्याला किती होता, हे पुन्हा विचारावे लागणार नाही.