भय : देह आणि बुद्धी



मनात विकार उठतो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न प्राचीन आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयाची गणना आठ स्थायीभावांत केली असून कंप, स्वेद, वैवर्ण्य ही देहावर उमटणारी चिन्हे सात्त्विक भावांत सांगितली आहेत.

पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. १८८४ साली विल्यम जेम्स यांनी रूढ समजूत उलटी केली : भय वाटते म्हणून देह कापत नाही, देहातील बदलांची जाणीव हेच भय होय. १९२७ साली वॉल्टर कॅनन यांनी आक्षेप घेतला की, छातीची धडधड क्रोधातही होते आणि भयातही. मग केवळ तीवरून भावना कशी ओळखावी? १९६२ साली शॅक्टर व सिंगर यांनी काही तरुणांना ॲड्रेनॅलिन टोचले. धडधडीचे खरे कारण ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यावर सोबत्याच्या वागण्याचा प्रभाव अधिक दिसला. पुढील परीक्षणांत हा निष्कर्ष जसाच्या तसा टिकला नाही. तथापि भावनेत बुद्धीने लावलेल्या अर्थालाही स्थान आहे, हे अनेक अभ्यासक मानतात.

याचा दाखला सुरतेतच सापडतो. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे फुफ्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि थोड्याच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. लिंबायतसारख्या खानदेशी कष्टकऱ्यांच्या वस्तीला त्या भयाचे वर्णन करून सांगावयास नको. शेजारी गाठोडे बांधू लागला की तेच संकटाचा पुरावा ठरते. गेलेल्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. उपचाराविना हा रोग प्राणघातकच असतो. परंतु वेळेवर औषध घेतल्यास तो बरा होतो, हे ज्ञान अफवेच्या वेगाने धावले नाही.

भयाला योग्य वाट मिळाली म्हणजे तेच हितकर ठरते. १९९५ नंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत सुरतेची जी स्वच्छता झाली, तिच्यामागे त्या प्लेगची आठवण होती.

म्हणून छाती धडधडू लागली की विवेकी पुरुषाने तीन गोष्टी तपासाव्या : देहात काय घडत आहे, बुद्धी त्याचा कोणता अर्थ लावीत आहे, आणि तो अर्थ स्वतः पारखलेला आहे की शेजाऱ्याकडून उसना घेतलेला?