27 फोटोंनंतर कॅमेरा कुणाचा?

फोटो काढून झाले की अख्खा कॅमेराच लॅबवाल्याच्या हवाली करायचा, ही पद्धत वाटते तितकी नवी नाही. 1888 साली जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक 25 डॉलरना मिळे, तोही 100 फोटोंचे रीळ भरूनच. रीळ संपले की कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. 10 डॉलरमध्ये फोटो धुवून, नवे रीळ घालून तो घरी परत येई. 1986 मध्ये जपानच्या फुजी कंपनीने ‘उत्सुरुन्देसु’ हा एकदाच वापरायचा कॅमेरा आणला आणि ही परतीची खेपच रद्द केली. फोटो गिऱ्हाइकाचे, कॅमेरा लॅबकडे.

अशा कॅमेऱ्याच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाआड असते काय? प्लास्टिकचे भिंग, एकाच वेगाने उघडमीट करणारे शटर आणि 400 आयएसओची फिल्म. साधारण एक मीटरपासून पुढचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते. जुळवायला काही नाही, म्हणून शाळकरी पोराच्या हातीही तो बिनघोर देता येतो. खरी हुशारी आत आहे. कारखान्यातच फिल्म डबीबाहेर काढून गुंडाळून ठेवतात. अंगठ्याने दातेरी चाक फिरवले की काढलेला फोटो डबीत शिरतो. मागचे झाकण चुकून उघडले, तरी तेवढे फोटो वाचतात.

तोटेही याच साधेपणातून येतात. दिवेलागणीला फ्लॅशशिवाय भागत नाही आणि फ्लॅशचा उजेड जेमतेम तीन मीटर पोचतो. नाट्यगृहात मागच्या रांगेतून फोटो काढला, तर रंगमंच काळा आणि पुढच्यांची टाळकी लख्ख! विमानतळावरच्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकटते. कॅमेरा खोलण्याच्या फंदात तर पडूच नये: सेल दीड व्होल्टचा असला, तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठतात आणि सेल काढल्यावरही झटका बसतो.

आणि उरलेल्या सांगाड्याचे काय?

कचऱ्यावरून टीका झाली, तेव्हा कंपन्यांनी लॅबकडून सांगाडे परत घ्यायला सुरुवात केली. पण इतरांनाही त्यात धंदा दिसला. जॅझ फोटो ही कंपनी रिकामे सांगाडे परदेशात उघडून, नवी फिल्म भरून, उरलेल्या फोटोंचा आकडा पुन्हा मूळ जागी आणून, नव्या वेष्टनात अमेरिकेत विकू लागली. फुजीने पेटंटभंगाची तक्रार केली. 1999 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने फुजीची बाजू घेतली. 2001 मध्ये अपील न्यायालयाने मात्र सांगितले की, जो कॅमेरा मुळात अमेरिकेत विकला गेला, त्यात अशी फिल्म भरणे म्हणजे दुरुस्तीच, आणि ती करायला मुभा आहे. खोक्यावर छापलेल्या सूचनेने विकत घेणाऱ्याचा हक्क जात नाही.

आज हौसेने असा कॅमेरा घेणाऱ्याने आधी रंगीत फिल्म धुणारी लॅब हुडकावी. कॅमेऱ्याची किंमत, धुलाई आणि स्कॅनिंग यांची बेरीज करून फोटोंच्या संख्येने, सहसा 27 ने, भागावे; एका फोटोचा खर्च कळेल. सांगाडा लॅबने खुशाल ठेवावा, पण निगेटिव्ह आठवणीने मागून घ्यावी. कित्येक लॅब नुसते स्कॅन पाठवतात आणि मागणी नसली, तर निगेटिव्ह टाकून देतात.